शेतातल्या कबरी

बांधाला कडुनिंब, खाली पाच-सहा मातीचे उंचवटे आणि त्यांना वळसा घालून गेलेलं तास. आमच्या रानात असं घरचं कब्रस्तान आहे. ही रीत एकट्या मुसलमानांची नाही. लिंगायत आणि नाथपंथी गोसावी घरांतही मृताला मातीत ठेवतात आणि त्यांच्या समाध्याही पुष्कळदा स्वतःच्या शेतातच असतात.

या जागांचा इतिहास दगडावर सापडत नाही. आमच्यात साधी कबर मातीचीच असते, तिच्यावर नाव नसतं. उत्तर-दक्षिण लांबी आणि मृताचा चेहरा पश्चिमेला, काबेच्या दिशेनं, एवढीच तिची ओळख. चार-दोन पावसाळ्यांत उंचवटा खचतो. मग ‘इथं आजी, तिथं चुलते’ असं सांगणारं वडीलधारं माणूस हीच त्या जागेची वही. ते गेलं, की वही मिटली.

दुसरी वही तलाठ्याकडे. सातबारावर ‘पोटखराबा’ असतो. १९६८च्या जमीन महसूल नियमांप्रमाणे त्याचे दोन वर्ग. ‘अ’ म्हणजे लागवडीला नालायक जमीन. रस्ता, पाणवठा, समाजाची दफनभूमी वा स्मशान हे ‘ब’मध्ये येतं, त्यावर आकारणी नाही आणि तिथं पीक घ्यायला मनाई आहे. घरच्या चार कबरींची नोंद मात्र अनेकदा राहूनच जाते.

घरचा औतवाला कबरी ओळखून बैल वळवायचा. जमीन विकली गेली, की नव्या मालकाच्या ट्रॅक्टरला ते कसं कळावं? म्हणून सांगणारी माणसं आहेत तोवर जागा मोजून घ्या आणि वाटणीपत्रात, खरेदीखतात तिची चतुःसीमा लिहा. कबरीवर नाव नसलं तरी चालेल. कागदावर जागा हवी.