निरोप नेणारे हात

म्हसवडसारख्या गावात सकाळी कोण कोणाच्या दारी गेले, ही वार्ता संध्याकाळपर्यंत माणगंगेच्या दोन्ही तीरांवर पोहोचते, हा अनुभव गावात राहिलेल्या कोणासही नवा नाही. अशा ठिकाणी एखाद्या स्त्रीस आपल्या दुखण्याविषयी, घरातील मारहाणीविषयी किंवा डोक्यावरील कर्जाविषयी चार गोष्टी विचारावयाच्या असतील, तर ती शेजारणीस विचारणार नाही. हातातील मोबाइलवर इंटरनेटला विचारील. परंतु तेथेही माग राहतोच. ती कोणत्या स्थळाशी बोलली हे जोडणी देणाऱ्या कंपनीस दिसते, आणि बोलणारी कोणत्या जोडणीवरून आली हे त्या स्थळास दिसते. हा माग पुसण्यासाठी जे उपाय निघाले, त्यांत ‘टॉर’ नावाचे जाळे सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यावर विसंबावे किती आणि सावध राहावे कोठे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, अशी कल्पना करा की, म्हसवडहून पुण्यास एक पत्र धाडावयाचे आहे. मात्र ते कोठून आले हे पुण्यास कळू नये, आणि ते कोठे गेले हे म्हसवडास कळू नये. यासाठी आपण पत्र एकात एक अशा तीन पाकिटांत घातले. बाहेरच्या पाकिटावर दहिवडीच्या गृहस्थाचा पत्ता, आतल्यावर साताऱ्याचा, त्याच्याही आतल्यावर शिरवळचा. दहिवडीकर आपले पाकीट फोडतो आणि आतले साताऱ्यास देतो. सातारकर आपले फोडून उरलेले शिरवळास देतो. शिरवळकर शेवटचे पाकीट फोडून आतील पत्र पुण्यास पोहोचवितो. दहिवडीकरास म्हसवड ठाऊक, पण पुणे नाही. शिरवळकरास पुणे ठाऊक, पण म्हसवड नाही. मधल्या सातारकरास तर दोन्ही टोकांपैकी एकही ठाऊक नाही.

टॉरची रचना नेमकी हीच आहे. फरक इतकाच की, पाकिटाच्या जागी गणिती कुलूप असते आणि हा सारा प्रवास पळभरात उरकतो. 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेत या कल्पनेचा उगम झाला. कांद्याच्या पापुद्र्यांवरून तिला नाव मिळाले. आणि 2002 पासून टॉर प्रत्यक्ष चालू झाले. मधले टप्पे चालविणारी यंत्रे काही हजार असून ती जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. स्वयंसेवक कोणासही होता येते. या व्यवस्थेचे बळ त्यातच आहे आणि तिचे भयही त्यातच आहे. कारण कुंपणानेच शेत खावयाचे ठरविले, तर दाद कोणाकडे मागावी?

शेवटच्या टप्प्याचाच विचार करा. शिरवळकराच्या हाती तिसरे पाकीट फोडल्यावर मूळ पत्र येते. ते स्वतंत्रपणे मोहोरबंद केलेले नसेल, तर ते वाचण्यास त्यास कोण अडविणार? 2007 साली डॅन एगरस्टाड या स्वीडिश तज्ज्ञाने असे पाच अखेरचे टप्पे स्वतः चालविले आणि त्यांतून काय वाहते ते पाहिले. त्याने जगातील वकिलाती व सरकारी संस्था यांच्या 100 ई-मेल खात्यांचे परवलीचे शब्द प्रसिद्ध केले, तेव्हा त्या यादीत भारताच्या वकिलाती होत्या, आणि आपल्या पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही होती. त्याने एकही कुलूप फोडले नव्हते. उघडी पत्रे त्याच्या हातून जात होती, एवढेच. ती खाती उघडणारे मूळ धनी नसून, आधीच शब्द चोरलेले हेर असावेत, असाही त्याचा तर्क होता. कसेही असो, नाव लपविणे वेगळे आणि मजकूर लपविणे वेगळे, हा धडा त्या प्रकरणाने घालून दिला.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. दहिवडीचा आणि शिरवळचा गृहस्थ आतून एकाच धन्याचे नोकर असतील तर? दहिवडीहून पाकीट कोणत्या क्षणी निघाले आणि शिरवळास कोणत्या क्षणी पोहोचले, यांचा मेळ घालून धनी दोन्ही टोके जोडू शकतो. पत्र वाचण्याची त्यास गरजही नाही. 30 जानेवारी 2014 रोजी या जाळ्यात शिरलेली 115 यंत्रे त्याच वर्षीच्या 4 जुलै रोजी हुडकून काढण्यात आली. त्या जाळ्यातच दडलेल्या गुप्त स्थळांना कोण भेट देते, हे जाणण्यासाठी ती वाहतुकीवर एका टोकास खूण करीत व दुसऱ्या टोकास ती खूण वाचीत. पाच महिने हे पहारेकरी पहाऱ्यावर होते!

तिसरा धोका मात्र परक्याचा नव्हे, आपलाच आहे. तीन पाकिटे घालून आत पत्राखाली स्वतःची सही करावी, तसे कित्येकजण अनामिक मार्गाने जाऊन आपल्या नेहमीच्या खात्यात शिरतात. कोणी तेथून उतरविलेला कागद दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडतो, आणि तो प्रोग्राम टॉरला वळसा घालून थेट बाहेर संपर्क साधतो. कोणी नेहमीचाच ब्राउझर या जाळ्यास जोडतो. तेव्हा स्थळाचा पत्ता विचारणारी पृच्छा कधी कधी गुपचूप स्थानिक कंपनीकडेच जाते. चोरवाटेने निघालेल्याने चावडीवर वाट विचारावी, तसाच हा प्रकार होय.

यास्तव तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे नसतील, तेथे काहीही गुप्त लिहू नये. तीच पत्रावरची खरी मोहोर. टॉरचा स्वतःचा ब्राउझरच वापरावा. 2022 पासून संगणकावरील त्याची आवृत्ती ही मोहोर मुळातच मागते. आणि जेथे नाव झाकावयाचे, तेथे नावाचे खाते उघडू नये. शिवाय, आपण काय पाहिले हे झाकले गेले, तरी आपण टॉर वापरतो ही गोष्ट जोडणी देणाऱ्या कंपनीस सामान्यतः दिसू शकते, हेही विसरू नये.

एवढे धोके सांगितले, म्हणून हे साधन टाकाऊ ठरत नाही. ज्या स्त्रीचा आरंभी उल्लेख केला, तिला त्याची गरज आहेच. परंतु अर्धवट माहितीचा भुर्दंड तिलाच सर्वांत जड पडेल; कारण निर्धास्त झालेला मनुष्य जे लिहितो, ते सावध मनुष्य लिहीत नाही. निरोप नेणारे हात आपण निवडू शकत नाही. निरोपावर मोहोर घालणे मात्र आपल्याच हाती आहे.