अधिवृक्क ग्रंथीतील पाण्याची गाठ

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणे बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. एकेकीचे वजन अवघे ४ ते ५ ग्रॅम. परंतु रक्तदाब व शरीरातील क्षारांचा तोल त्यांच्या स्रावांवर अवलंबून असतो. या ग्रंथीत क्वचित द्रवाने भरलेली गाठ, म्हणजेच पुटी, निर्माण होते. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ ग्रायसेलियस यांनी १६७० मध्ये तिची प्रथम नोंद केली.

बहुतेक पुट्या लहान व निरुपद्रवी असतात. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्या अकस्मात दिसतात. मोठ्या पुटीमुळे मात्र कुशीत दुखते, पोट जड वाटते. आत रक्तस्राव झाल्यास प्राणावरही बेतते.

गाठ यकृताची, मूत्रपिंडाची की अधिवृक्क ग्रंथीची, हे बहुधा सीटी स्कॅनने कळते. खरी कसोटी पुढे असते. फिओक्रोमोसायटोमा नावाची, रक्तदाब वाढविणारे स्राव सोडणारी गाठ कधी कधी हुबेहूब पुटीसारखी दिसते. रक्ताची व २४ तासांच्या लघवीची तपासणी न करता तिला सुई टोचली, तर रक्तदाब एकाएकी भडकून रुग्ण दगावू शकतो. म्हणूनच ‘पाणी काढून टाका’ हा नातेवाइकांचा आग्रह डॉक्टर मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

काही थोड्या पुट्या कुत्र्यांच्या आतड्यातील फीतकृमीमुळे होतात. कापलेल्या शेळ्यामेंढ्यांचे टाकून दिलेले अवयव कुत्री खातात. त्यांच्या विष्ठेतील कृमींची अंडी भाजीपाल्यातून वा न धुतलेल्या हातांतून माणसाच्या पोटात जातात. खाटीकखान्याची घाण कोठे पडते, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या बैठकीत निघतो तो दुर्गंधीपुरताच! अशी पुटी फुटून आतील द्रव सांडल्यास तीव्र प्रतिक्रिया उमटते व रोग अन्यत्र पसरतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी सामान्यतः अल्बेंडाझोल हे औषध देतात.

साधी, लहान पुटी ठराविक काळाने पुन्हा तपासली तरी पुरते. ती ५ ते ६ सेंटिमीटरांहून मोठी असेल, दुखत असेल, स्राव सोडत असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर शस्त्रक्रिया करतात. १९९२ पासून ही ग्रंथी दुर्बिणीद्वारे काढण्याची पद्धत रूढ झाली आहे. फार मोठ्या गाठीसाठी मात्र पोट उघडावे लागते. शक्य तेथे केवळ पुटी काढतात, अन्यथा संपूर्ण ग्रंथी. दुसरी ग्रंथी निरोगी असल्यास एरवी तिच्यावर शरीराचे काम चालते. दोन्ही काढाव्या लागल्यास स्टेरॉइडच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि त्या एक दिवसही चुकवून चालत नाही.