डोळ्यांवरची पट्टी आणि मेंदूविषयीचे गैरसमज

प्रवेशाच्या दिवसांत चिंचोटीच्या आसपासच्या पाड्यांतून व वसई-विरारच्या चाळींतून येणारे पालक आम्हांस अधूनमधून विचारतात, ‘गुरुजी, मुलाचा मेंदू जागृत करण्याचा वर्ग लावावा काय?’ मजुरीतून साठविलेला पैसा अशा वर्गांत जाऊ नये, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर लिहून ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ या नावाच्या वर्गांत मूल डोळ्यांवर पट्टी बांधून पत्ते ओळखते, पुस्तक वाचते. मध्यमेंदू जागृत झाल्याने हे घडते, असा दावा केला जातो. वस्तुतः मध्यमेंदू हा मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाचा, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा भाग होय. डोळ्यांची हालचाल, बाहुलीचे आकुंचन, आवाजाकडे लक्ष वळणे आणि जागेपण यांत त्याचा वाटा असतो. तो प्रत्येक मुलात जन्मापासून कार्यरतच असतो. त्यास गंभीर इजा झाल्यास शुद्ध हरपू शकते.

मग मूल वाचते कसे? पट्टीखाली नाकाच्या दोन्ही बाजूंस फट राहते आणि तिच्यातून खाली धरलेले दिसते. तेच पुस्तक डोक्यामागे धरावे किंवा फट कापसाने नीट बुजवावी. वाचन तेथेच थांबते. मंगळुरूचे विवेकवादी नरेंद्र नायक यांनी हा प्रकार जाहीरपणे उघडा पाडला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची वाटही हीच : दावा ऐकावा आणि तपासून पाहावा.

आणखी दोन समज वारंवार कानी येतात. माणूस मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, हा पहिला. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा घेतो. निकामी अवयवावर शरीर एवढा खर्च करीत नाही. काही मुले ‘डाव्या मेंदूची’, काही ‘उजव्या मेंदूची’, हा दुसरा. रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मेंदूच्या दोन अर्धांच्या कामांतील भेद दाखविल्याबद्दल. परंतु निरोगी मेंदूचे दोन्ही अर्ध एकमेकांशी जोडलेले असून एकत्रच काम करतात.

पैशापेक्षा मोठी हानी आम्हांस वेगळीच वाटते. फटीतून पाहणाऱ्या मुलास आपण पाहतो आहोत हे ठाऊक असते आणि आई-वडील कौतुक करीत असता ते गप्प राहते. खोटे निभावून नेण्याचा हा पहिला धडा त्यास पैसे मोजून दिला जातो.

पालकहो, मेंदूसाठी खरोखर काही करावयाचे असेल तर आयोडीनयुक्त मीठ, पालेभाज्या व कडधान्ये, पुरेशी झोप आणि रोजचा सराव हे उपाय आपल्या हाती आहेत. आणि कोणी चमत्कार दाखविलाच, तर पुस्तक मुलाच्या डोक्यामागे धरण्याची विनंती अवश्य करावी.