हा गेम मुलाला उठू देतो का?

गेल्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. रात्री एकाएकी छातीत धडधड सुरू होते, तळहातांना घाम फुटतो, श्वास पुरत नाही आणि आता आपले काही खरे नाही असे वाटते, ही तक्रार. कार्डिओग्राम काढला, रक्त व थायरॉइड तपासून घेतले. सारे ठीक होते. हृदयाचा दोष नव्हता. हा भीतीचा झटका, ज्याला डॉक्टर मंडळी पॅनिक अटॅक म्हणतात, तो होता.

आईचे निदान मात्र केव्हाच झाले होते. "डॉक्टर, हे सगळं त्या गेमचं आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉप सोडत नाही. आज घरी गेले की विहिरीतच टाकते तो!"

मुलगा खाली मान घालून बसला होता. मी त्याला दीर्घ श्वसन शिकवावे म्हणून कागद पुढे ओढला, तोच तो हळूच म्हणाला, "काका, ते मी करतो. झटका आला की डोळ्यांसमोर एक पीस आणायचं. श्वास घेतला की ते वर जातं, सोडला की खाली येतं. ते पडू द्यायचं नाही. त्या गेममध्येच दाखवलंय."

मी लेखणी खाली ठेवली. खरे सांगायचे तर याच सदरात मी यापूर्वी सगळ्या व्हिडिओ गेमना एकाच टोपलीत घालून नावे ठेवली होती, आणि तीही एकसुद्धा गेम न खेळता. तेव्हा त्या मुलाकडूनच एक यादी लिहून घेतली, भाच्याला संगणकावर ते गेम घालून द्यायला सांगितले आणि दोन महिने रात्रीच्या जेवणानंतर ते खेळलो. डॉक्टरने गेमचे परीक्षण लिहावे याचे काहींना हसू येईल. येऊ द्या.

यादीतले सारे गेम छोटे आहेत. म्हणजे मोठ्या कंपन्यांनी शेकडो माणसे लावून केलेले नव्हेत, तर एकट्यादुकट्याने किंवा मूठभर मित्रांनी केलेले. यातले बहुतेक एकदाच काहीशे रुपये देऊन विकत घ्यायचे असतात. फुकट मिळणाऱ्या बऱ्याचशा मोबाइल गेमचे पोट मात्र तुम्ही किती वेळ चिकटून बसता आणि मध्ये मध्ये किती पैसे टाकता यावरच भरते. छोटा म्हणजे निरुपद्रवी, असा मात्र अर्थ नाही, हे पुढे दिसेलच.

त्या मुलाचा पिसाचा गेम म्हणजे 'सेलेस्ट'. २०१८ साली मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आपल्या छोट्या चमूसह तो तयार केला. मॅडलिन नावाची एक मुलगी डोंगर चढते आहे, एवढीच गोष्ट. पण तिला चिंतेचा विकार आहे. चढता चढता दोरीवरचा पाळणा मध्येच अडकतो, तिचा श्वास कोंडतो आणि सोबतचा मुलगा तिला पिसाची युक्ती सांगतो. खेळणाऱ्याने ते पीस पडद्यावर तरंगते ठेवायचे. संथ, लांब श्वास सोडल्याने हृदयाची गती उतरते, हे शरीरशास्त्र आहे. मी पंधरा मिनिटे बोलून जे शिकवतो, ते या गेमने दोन मिनिटांत शिकवले. त्याहून मला आवडले ते पुढचे. एका प्रसंगी हेच पीस तिच्या कामी येत नाही आणि ज्या भीतीपासून ती पळते आहे तिच्याशीच तिला बोलावे लागते. श्वसनाने झटका ओसरतो, आजार जात नाही, हे रुग्णाला पटवणे आम्हांला फार जड जाते.

गेम अतिशय अवघड आहे. मी पहिल्याच तासात शंभराहून अधिक वेळा दरीत पडलो. पण पडल्यावर तो चिडवत नाही, क्षणात पुन्हा उभे करतो. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी वेग कमी करण्याची, न दमण्याची, मरणच न येण्याची सोय आहे आणि ती वापरली म्हणून कोणी कमी लेखत नाही. गुडघे दुखत असताना काठी न घेणाऱ्या माझ्या काही ज्येष्ठ रुग्णांनी हे पाहायला हवे!

दुसरा गेम शेतीचा, 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने साडेचार वर्षे एकट्याने खपून चित्रे, संगीत, गोष्ट सारे स्वतः केले आणि २०१६ मध्ये तो बाजारात आणला. शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर यायचे, नांगरायचे, पेरायचे, गावात ओळखी करायच्या. आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्यात पावसाची चिंता नाही, भावाची नाही, कर्जाची नाही हे पाहून हेवा वाटेल. गावात शेन नावाचा दारूच्या आहारी गेलेला, जगण्याला कंटाळलेला एक तरुण आहे. त्याला कोणी उपदेश करत नाही. गावचा डॉक्टर त्याला समुपदेशकाचा रस्ता दाखवतो. हे बरोबर दाखवले आहे.

पण याच गेममध्ये एक मेख आहे. त्यातला एक दिवस सुमारे १४ मिनिटांत संपतो आणि संगणकावर खेळताना झोपायला गेल्यावरच केलेले काम जपून ठेवले जाते. मध्येच उठावे तर दिवस वाया. झोपले की दुसरी सकाळ उजाडते, पिकाला पाणी घालायचे असते. "आणखी एकच दिवस" करता करता खऱ्या घड्याळात एक वाजतो. माझ्या रुग्णाचे रात्रीचे दोन इथेच वाजत होते, डोंगरावर नव्हे. त्याला जागवण्याचा बॅरोनचा हेतू असेल असे मला वाटत नाही, पण परिणाम तोच झाला.

'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' या गेमबद्दल मात्र मी पालकांना डोळे उघडे ठेवायला सांगेन. लुका गॅलान्टे यांचा हा गेम २०२२ मध्ये पूर्ण रूपात आला. आपण फक्त इकडून तिकडे सरकायचे, शस्त्रे आपोआप चालतात, भुते मरतात आणि मधूनमधून एक पेटी उघडते, तेव्हा रोषणाई, संगीत, नाण्यांचा पाऊस! गॅलान्टे यांनी पूर्वी जुगाराच्या गेमच्या धंद्यात काम केले होते, हे कळल्यावर पेटीचा उलगडा झाला. बक्षीस केव्हा व किती मिळेल याचा भरवसा नसला की मेंदू त्यामागे अधिक धावतो, हे मानसशास्त्रात फार जुने आहे. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की बहुतेक ठिकाणी तिसाव्या मिनिटाला खुद्द यमदूत येऊन खेळ संपवतो. निदान उठायला निमित्त मिळते.

आता माझीच गोष्ट. 'बलाट्रो' हा २०२४ सालचा पत्त्यांचा गेम, लोकलथंक या टोपणनावाने काम करणाऱ्या एका कॅनेडियन माणसाने केलेला. पोकरचे डाव असले तरी त्यात पैसा लागत नाही. आपला गेम कधीही जुगाराच्या कंपनीला विकला जाऊ नये, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवल्याचे सांगितले आहे, आणि माझा त्याच्या सचोटीवर विश्वास आहे. तरीही एका रात्री मी दहाला बसलो आणि मान वर केली तेव्हा दीड वाजला होता. दुसऱ्या दिवशी एका आजींचा रक्तदाब मोजला आणि लिहायला विसरलो. पुन्हा पट्टा बांधावा लागला. "डॉक्टर, तुमचाच वाढलाय वाटतं," आजी म्हणाल्या.

ज्यांना आपल्याच गेमची भीती वाटली असेही निर्माते आहेत. व्हिएतनामच्या डोंग न्गुयेन यांचा 'फ्लॅपी बर्ड' हा चिमुकला गेम २०१३ मध्ये आला आणि काही महिन्यांत जगभर पसरला. दोन घटका विरंगुळा म्हणून केलेला गेम लोकांना व्यसनासारखा जडला असे म्हणत, जाहिरातींचा पैसा वाहत असताना, त्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वतः काढून घेतला.

उलट 'अनपॅकिंग' हा २०२१ सालचा ऑस्ट्रेलियन गेम. घर बदललेल्या एका मुलीच्या खोक्यांतले सामान जागच्या जागी लावायचे, बस्स. एक घर लावून झाले की शांतपणे उठता येते. मित्राच्या घरी राहायला गेल्यावर तिच्या पदवीच्या चौकटीला भिंतच मिळत नाही, शेवटी ती पलंगाखाली ढकलावी लागते. एक शब्द न बोलता संसारातली घुसमट सांगणारा असा प्रसंग मी नाटकातही क्वचित पाहिला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा 'राजी' (२०२०) देखणा आहे, पण त्यातली लढाई माझ्या बोटांना झेपली नाही.

आणि 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. रायन व एमी ग्रीन या अमेरिकन दांपत्याचा मुलगा जोएल मेंदूच्या कर्करोगाने २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना गेला. त्याच्या आजारपणातले दिवस त्यांनी या गेममध्ये ठेवले. तो २०१६ मध्ये आला. रुग्णालयातल्या एका रात्री मूल रडते आहे. पाणी द्या, उचलून घ्या, जोजवा. काहीही केले तरी रडे थांबत नाही. जिंकण्याची सोयच नाही. मी तीस वर्षे खाटेच्या या बाजूला उभा आहे. त्या रात्री दुसऱ्या बाजूला बसलो. दोन तासांचा गेम आहे. लहान मुलांना देऊ नका, आणि घरात असे दुःख ताजे असेल तर स्वतःही घाई करू नका.

आता व्यसन कशाला म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर हा विकार आहे; ते १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे सर्वसाधारणपणे वर्षभर दिसले आणि त्याने शिक्षण, काम वा घर विस्कळीत झाले तरच तो विकार. सुटीत चार तास खेळणारे प्रत्येक पोर रोगी नव्हे. ज्या मुलांना कधी फिट आली असेल त्यांनी मात्र लखलखाटाचे गेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळू नयेत. सेलेस्टमध्ये तो लखलखाट कमी करण्याची सोय आहे, बऱ्याच गेममध्ये नाही.

माझ्या रुग्णाला हा विकार नव्हता. खोदून विचारल्यावर कळले, की जागे राहण्यासाठी तो रात्री अकराला एनर्जी ड्रिंकचा डबा पीत होता. त्यातल्या कॅफीनने धडधड वाढते, झोप उडते आणि झोप तुटली की असे झटके अधिक येतात. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. त्याला जेमतेम पाच मिळत होती. डबा बंद केला. शेतीचा गेम फक्त रविवारी दुपारी, डोंगराचा गेम साडेनऊपर्यंत, लॅपटॉप रात्री आईच्या खोलीत. झटक्यांसाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. पीस तसेच ठेवायला सांगितले.

सहा आठवड्यांनी दोघे आले. महिन्याभरात एकच झटका, तोही चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री. आईने लॅपटॉप विहिरीत टाकला नव्हता. उलट सामान लावण्याचा गेम ती स्वतः खेळत होती आणि त्या मुलीच्या मित्रावर तिचा भारी राग होता. "एवढ्या मोठ्या घरात पोरीच्या सर्टिफिकेटाला जागा नाही?" ती मलाच विचारत होती.

जाता जाता मुलगा दारात थांबला. "काका, तुमचं ते पत्त्यांचं कसं चाललंय?"

मी म्हटले, "बायकोनं पासवर्ड बदललाय."