एकशे सोळाव्यांदा कापलं तर?

खोपटच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसायची वेळ आली, तर एक खेळ सांगते. सामान काही लागत नाही. मनातल्या मनात एक मीटर लांबीची रिबीन घ्या आणि मधोमध कापा. एक तुकडा टाकून द्या, दुसरा पुन्हा मधोमध कापा. पुन्हा. पुन्हा.

चौदाव्यांदा कापाल, तेव्हा उरलेला तुकडा साधारण तुमच्या केसाच्या जाडीएवढा असेल. तेहतिसाव्यांदा अणूएवढा. पन्नाशी गाठली की प्रोटॉनएवढा! (रिबीन केव्हाच संपली, आता आपण नुसती जागा कापतोय. कापा बिनधास्त.) साठीच्या थोडं पुढे गेलं की लार्ज हेड्रॉन कोलायडरसुद्धा हात टेकतं. फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवर जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचं हे यंत्र आहे. एवढं अवाढव्य कशाला? कारण जितकं बारीक बघायचं, तितकी जास्त ऊर्जा लागते.

यंत्र थांबलं तरी आपण कापतच राहू, नाही का? आपल्याला कोण अडवणार?

अडवणारं काहीतरी आहे, अशी दाट शंका आहे. ११६व्यांदा कापल्यावर तुकडा उरतो तो असा: दशांशचिन्हापुढे ३४ शून्यं आणि मग १, इतके मीटर. जवळपास याच लांबीला ‘प्लांक लांबी’ म्हणतात. इतक्या इवल्या जागेत डोकवायचं, तर तिथे प्रचंड ऊर्जा कोंबावी लागेल. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे तेवढ्या ऊर्जेचं चिमुकलं कृष्णविवर होईल आणि जे बघायचं तेच ते गिळून बसेल! आहे की नाही गंमत?

मग जागेचेसुद्धा ‘कण’ असतात की काय? या प्रश्नाच्या मागे आयुष्यभर लागलेला माणूस आपल्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. अभय अष्टेकर, जन्म १९४९. महाराष्ट्रातल्या गावागावांत वाढले, शिकायला अमेरिकेत गेले. १९८६ साली त्यांनी आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं अशा नव्या रूपात मांडली, की अणूंच्या जगातलं गणित त्यांना लावता येऊ लागलं. त्यातून उभ्या राहिलेल्या सिद्धांताचं नाव ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’. १९९५ मध्ये कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी त्यातूनच हिशेब काढला: क्षेत्रफळालाही सगळ्यांत लहान तुकडा असतो, त्याहून लहान मिळतच नाही. तुमच्या शर्टाचं कापड लांबून सलग दिसतं, भिंगाखाली धागे आणि वीण दिसते. जागाही तशीच विणलेली असावी, असं ही मंडळी म्हणतात.

सगळ्यांना हे पटलंय असं मुळीच नाही. अशोक सेन यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ ‘स्ट्रिंग सिद्धांता’वर काम करतात. त्यात मुळाशी थरथरणाऱ्या इवल्या तारा असतात. दोन्ही गटांची भांडणं ऐकण्यासारखी असतात म्हणे!

पण प्रयोग? तोही झालाय, आणि तो केला आकाशानंच. १० मे २००९ रोजी फर्मी नावाच्या अवकाश दुर्बिणीनं गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. हा प्रकाश ७०० कोटी वर्षांहून जास्त काळ वाटेत होता. काहींची अटकळ होती, की जागा खडबडीत असेल तर जास्त ऊर्जेच्या प्रकाशकणाला पोचायला थोडा उशीर होईल. सगळ्यांत दणकट कण तर स्फोट दिसू लागल्यापासून एका सेकंदाच्या आत हजर! खडबडीतपणाच्या साध्यासोप्या कल्पना तिथेच बाद झाल्या. लूपवाले मात्र बचावले, कारण उशीर व्हायलाच हवा असं त्यांचं गणित ठामपणे सांगत नाही. मला ही थोडी पळवाटच वाटते. सिद्धांतानं कधीतरी नापास होण्याची तयारी ठेवायला हवी ना!

तशी संधी कदाचित विश्वाच्या जन्माच्या गोष्टीत मिळेल. जागेला सगळ्यांत लहान तुकडा असेल, तर विश्व कितीही दाबलं तरी शून्य होणार नाही. २००६ मध्ये अष्टेकर, तोमाश पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी हे गणित केलं. उत्तर आलं, की महास्फोटाच्या आधी एक आकसत जाणारं विश्व होतं आणि ते एका हद्दीनंतर उसळी मारून पुन्हा पसरू लागलं. खरंच तसं झालं असेल, तर त्या उसळीची एखादी पुसट खूण विश्वातल्या सगळ्यांत जुन्या प्रकाशात उरलेली असू शकते. शास्त्रज्ञ त्या प्रकाशाचे नकाशे धुंडाळताहेत. खात्रीची खूण अजून कुणाला सापडलेली नाही.