पत्रास कारण की…

२०१६ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एक स्वयंसेविका यादवी युद्धातल्या विधवांची पेन्शन-प्रकरणं हाताळत होती. स्कॅनिंगला जाण्याआधी कागद नीट लावून ठेवायचे, एवढंच काम. एका फायलीत तिला एक घरगुती पत्र सापडलं. न्यू हॅम्पशायरच्या पलटणीतला एक शिपाई क्षयाने वॉशिंग्टनच्या इस्पितळात पडून आहे आणि त्याच्या वतीने बायकोला दुसराच कुणी लिहितो आहे. तारीख २१ जानेवारी १८६६. तळाशी लिहिणाऱ्याने आपली ओळख दिली आहे : वॉल्ट व्हिटमन, एक मित्र. तो शिपाई घरी पोचलाच नाही.

कवी व्हिटमन १८६२ च्या अखेरीस जखमी भावाच्या शोधात निघाला आणि पुढची काही वर्षं वॉशिंग्टनच्या लष्करी इस्पितळांतून फिरत राहिला. पिशवीत फळं, तंबाखू, कागद, तिकिटं. ज्यांना लिहिता येत नव्हतं, किंवा ज्यांचा लिहिता हातच गेला होता, त्यांची पत्रं तो लिहून देई. त्यांतली आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, म्हणून या शोधाची बातमी झाली. पण कवीचं नाव बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतो. नवऱ्याचं पत्र सरकारी फायलीत आलं कसं?

१४ जुलै १८६२ च्या कायद्याने मृत शिपायाच्या विधवेला, आणि विधवा वा मुलं मागे नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला पेन्शन मिळू लागलं. साध्या शिपायामागे महिना आठ डॉलर. मात्र विधवेने लग्न सिद्ध करायचं आणि आईने मुलगा आपल्याला पोसत होता हे सिद्ध करायचं. खेड्यातल्या बाईकडे याचा पुरावा कुठला? नवऱ्याची किंवा मुलाची पत्रं. पगारातले दहा डॉलर पाठवतो आहे, दुकानदाराचं देणं भागव, अशा अर्थाची एखादी ओळ ज्या पत्रात असेल ते पत्र म्हणजे पक्का दस्तऐवज. मूळ पत्रं अर्जाला जोडली गेली आणि तिथेच राहिली. आईला महिन्याचे आठ डॉलर मिळाले, मुलाचं अक्षर मात्र घरातून गेलं.

अमेरिकन यादवीतली (१८६१ ते १८६५) पत्रं आणि रोजनिश्या आज इतिहासाची साधनं म्हणून वाचल्या जातात. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात इतिहास नव्हता. दूर राहून संसार हाकायचं ते अवजार होतं, आणि त्यांचा खरेपणा नेमका त्यातच आहे.

उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंचे मिळून तीसेक लाख पुरुष सैन्यात गेले. त्यांत कितीतरी शेतकऱ्यांची पोरं, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. उत्तरेच्या गोऱ्या शिपायांत शंभरातल्या नव्वदांहून अधिकांना लिहिता-वाचता येत होतं, दक्षिणेत ऐंशींहून अधिकांना. याआधीच्या कुठल्याही मोठ्या युद्धात इतके साक्षर शिपाई नव्हते. शिवाय छावणीतून घरी जाणारं पत्र फोडून वाचणारा अधिकारी नव्हता. सेन्सॉरशिप पुढच्या युद्धांत आली. त्यामुळे जेम्स मॅकफर्सन या इतिहासकाराला एका पुस्तकासाठी पंचवीस हजारांहून अधिक पत्रं आणि अडीचशेच्या आसपास रोजनिश्या वाचता आल्या.

पत्राचा मायना ठरलेला. हाती लेखणी घेऊन कळवतो की मी खुशाल आहे, हे चार शब्द पोचतील तेव्हा तुम्हीही खुशाल असाल. आपल्या जुन्या पत्रांतलं ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे’ ते हेच. पण क्षेम सांगून झालं की खरं ‘पत्रास कारण’ सुरू होतं. पगार तुंबला आहे. गाय विकली का? मका कितीला गेला? लोकरी मोजे पाठव. धाकट्याला म्हणावं, सैन्यात यायचं नाव काढू नकोस.

लिहायला मेज नसे. बिस्किटांचं रिकामं खोकं, पाठपिशवी किंवा स्वतःची मांडी. कागद आणि पाकिटं छावणीमागून फिरणाऱ्या दुकानदारांकडून चढ्या भावाने घ्यायची, किंवा ख्रिश्चन कमिशनसारख्या सेवाभावी संस्थांकडून फुकट मिळवायची. झेंडे आणि गरुड छापलेल्या रंगीत पाकिटांचा सुरुवातीला मोठा शौक होता. कागद वाचवायचा तर पान भरल्यावर आडवं करून आधीच्या ओळींवर काटकोनात पुन्हा लिहीत. जाळीसारखं दिसणारं ते पान वाचायला डोळा सरावावा लागतो.

टपाल तीन सेंट. तिकिटं खिशात घामाने आणि पावसाने एकमेकांना चिकटून जात, आणि छावणीत नवी मिळत नसत. म्हणून जुलै १८६१ मध्ये सवलत आली : पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ लिहिलं की तिकिटाशिवाय चालेल, पैसे घेणाऱ्याने द्यायचे. आपल्याकडे ज्याला नॉटपेड म्हणत तोच प्रकार. फरक इतकाच, की नॉटपेड पत्र आलं की आपल्याकडे कपाळाला आठी पडे. तिथे ते आलं याचा अर्थ पोरगा जिवंत आहे. १८६३ च्या जुलैपासून मोठ्या शहरांत पोस्टमन दारापर्यंत येऊ लागला, आणि शिपायाला पाकिटात नोटा कोंबाव्या लागू नयेत म्हणून १८६४ च्या नोव्हेंबरात मनीऑर्डर सुरू झाली. नव्या सोयीला आधीच गिऱ्हाईक तयार होतं. शिपायाचा पगार महिना तेरा डॉलर, १८६४ मध्ये सोळा. काळ्या शिपायाला मात्र १८६४ च्या मध्यापर्यंत दहाच, आणि त्यातूनही तीन कपड्यांपोटी कापून.

मग या पत्रांत युद्ध कुठे आहे? ते पोटात आणि पायांत आहे. हार्डटॅक नावाचं पीठ-पाण्याचं चौकोनी बिस्किट इतकं कडक, की शिपाई त्याला दात बोथट करणारं म्हणत. त्यात अळ्या असल्या तर बिस्किट गरम कॉफीत टाकायचं, अळ्या वर तरंगल्या की काढून फेकायच्या आणि कॉफी पिऊन टाकायची. कॉफी या शब्दाबद्दल तर जॉन ग्रिन्स्पॅन या इतिहासकाराचं निरीक्षण असं, की शिपायांच्या रोजनिश्यांत तो बंदूक, तोफ किंवा गोळी यांच्यापेक्षा जास्त वेळा येतो. बाकी चिखल, उवा, फाटके बूट, रोजची कवायत आणि जुलाब. जुलाब हा हसण्यावारी न्यायचा विषय नव्हता. या युद्धातल्या मृतांचा आकडा वर्षानुवर्षं सहा लाख वीस हजार धरला गेला. २०११ मध्ये नव्या मोजणीने तो साडेसात लाखांच्या घरात नेला. त्यांतले साधारण दोन तृतीयांश रोगराईने गेले.

न्यूयॉर्क राज्यातली सारा रोझेटा वेकमन ही शेतकऱ्याची मुलगी पुरुषवेषात, लायन्स वेकमन या नावाने १८६२ मध्ये पलटणीत भरती झाली. घरी ती नेमाने लिहायची, पैसे पाठवायची, शेतीची चौकशी करायची. १८६४ मध्ये लुइझियानातल्या प्लेझंट हिलच्या लढाईतून ती सहीसलामत सुटली आणि दोनच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या इस्पितळात जुलाबाने मेली. तिचं सोंग उघड झालं नाही. थडग्यावर पुरुषाचंच नाव आहे. पत्रं मात्र घरच्यांनी जपली, आणि ती १९९४ मध्ये छापली गेली.

दक्षिणेतला कागद स्वतःच बोलतो. उत्तरेच्या आरमाराने बंदरं कोंडली आणि कागदाचा दुष्काळ पडला. आलेलं पाकीट उलगडून, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा वापरायचं. भिंतीला लावायच्या वेलबुट्टीच्या कागदाची पाकिटं करायची. शाई संपली की रानफळांचा रस. कॉफीऐवजी भाजलेली राय, ओकची फळं, रताळी. दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमधल्या युद्धखात्यात कारकून असलेल्या जॉन जोन्सने आपल्या रोजनिशीत लढायांइतक्याच काळजीने बाजारभाव टिपले. पिठाचा भाव चढत गेलेला पाहिला की सरकार कोसळणार हे वाचणाऱ्याला सेनापतींच्या आधी कळतं. याच कोंडीमुळे दक्षिणेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचं वेड पसरलं आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच मुंबईची पेढीन् पेढी हादरली. तिकडे ओकची फळं दळली जात होती, तेव्हा इकडे शेअर फुगत होते.

पत्र दुसऱ्यासाठी, म्हणून त्यात थोडी झाकपाक असते. रोजनिशीत ती गरज नाही. खिशात मावणारी, तारखा छापलेली, एका दिवसाला पाच-सहा ओळींपुरती जागा देणारी वही. फिलाडेल्फियातली एमिली डेव्हिस ही स्वतंत्र काळी तरुणी शिवणकाम करायची. १८६३ ते १८६५ च्या तिच्या तीन वह्या आहेत. हवा कशी होती, कोण भेटायला आलं, शिवण किती झालं. आणि याच ओळींत गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा येतो, लिंकनची अंत्ययात्राही येते. तिच्यासाठी या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. विल्यम गूल्ड हा गिलावा करणारा गुलाम गडी १८६२ च्या सप्टेंबरात सात सोबत्यांसह विल्मिंग्टनहून होडीने पळाला, उत्तरेच्या युद्धनौकेवर चढला, आणि काही दिवसांतच त्याने रोजनिशी सुरू केली. गुलामाला अक्षर शिकवणं दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी गुन्हा होता. त्याची वही १९५८ मध्ये घराच्या माळ्यावर सापडली.

या सगळ्यात सर्वांत प्रसिद्ध ‘डायरी’ मेरी चेस्नटची. ती मात्र तिने १८८० च्या दशकात बसून, मूळ टिपणांवरून पुन्हा रचलेली आहे. सुंदर आहे, पण पुढे काय झालं ते लिहिणारीला ठाऊक आहे. आपल्या गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’ सत्तावन्नच्या धामधुमीनंतर पाव शतकाने लिहिला. तिथेही आठवणीने गोष्टीला आकार दिला आहे. रोजच्या वहीला हा आकार नसतो. लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते माहीत नसतं, म्हणून तो गायीची किंमत लिहितो.

शेवटी एका पत्राची हकीकत. स्पॉट्सवूड राइस हा मिसुरीतल्या तंबाखूच्या मळ्यावरचा गुलाम १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्यात गेला. मुली गुलामीतच मागे राहिल्या, त्यांतली एक किटी डिग्ज नावाच्या मालकिणीच्या ताब्यात. ३ सप्टेंबर १८६४ ला सेंट लुइसच्या लष्करी इस्पितळातून त्याने दोन पत्रं लिहिली. मुलींना : मी सैन्य घेऊन येतो आहे, धीर धरा. मालकिणीला : माझी पोर जितके दिवस अडवशील तितकी नरकात जास्त जळशील. मालकिणीचा भाऊ गावचा पोस्टमास्तर होता. पत्रं त्याच्या हाती पडली. संतापून त्याने ती सेनापतीकडे पाठवली, या माणसाला राज्याबाहेर घालवा अशी तक्रार जोडून. तक्रारीसकट ती सरकारी दप्तरात गेली आणि वाचली.

१९३७ मध्ये जुन्या गुलामांच्या आठवणी टिपून घेणारे लोक सेंट लुइसमध्ये मेरी बेल नावाच्या पंचाऐंशी वर्षांच्या बाईकडे गेले. ती राइसची मुलगी, त्या पत्रातली मेरी. वडिलांना वाचायला मालकाच्या मुलाने शिकवलं होतं, आणि त्यावरून थोरला मालक भडकला होता, कारण वडील मुक्तीची बातमी बाकीच्या गुलामांना वाचून दाखवत, हे तिने सांगितलं. आपल्याला सैन्यातली माणसं फार आवडतात, हेही सांगितलं.