सांदेकची उलांडी

संपादकांना हवी होती शर्यत. इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मांदार लोकांच्या ‘सांदेक’ होड्या 1995पासून शर्यतीत पळतात; पांढरी शिडं, निळं पाणी, फोटो झकास येतात. मी मात्र पाम्बुसुआंगच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या उलांडीपाशीच रेंगाळलो.

उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला बांधलेला तरंगता आधार, मालवणकरांना सांगायला नको. आपल्याकडे ती होडीच्या एकाच अंगाला असते. इथे दोन्ही अंगांना, आणि चांगल्या जाडजूड बांबूची. होडी दहाएक मीटर लांब, रुंदी मात्र मीटरभरही नाही. तळ एका बुंध्यातून कोरलेला, वर फळ्या चढवलेल्या. त्यावर उंच डोलकाठी आणि भलंमोठं तिकोनी शीड. (पूर्वीच्या ‘पाकुर’ होडीचं शीड चौकोनी असे, 1930च्या दशकात तिकोनी आलं.) उलांडी काढली तर ही बया उभ्या जागी कलंडेल.

आडव्या दोन तुळया होडीबाहेर दोन्हीकडे जातात, त्यांच्या टोकांना बाकदार लाकडं आणि त्यांना बांबू. सांधे दोरीने आवळलेले. लाटेचा दणका बसला की ते किंचित हलतात, म्हणूनच टिकतात. बांबूची पेरं म्हणजे आयते बंद कप्पे. एक तडकलं तरी बाकीची तरंगतात. शीड फुगलं की वाऱ्याआडची उलांडी पाण्यात दबते आणि होडीला सावरून धरते, वाऱ्याकडची हवेत उचलली जाते. वारा फारच चढला तर खलाशी दोर पकडून त्या उचललेल्या अंगावर जाऊन उभे राहतात, ओल्या लाकडावर, अनवाणी. वारा पडला की तसेच झटकन आत. चूक झाली तर थेट पाण्यात.

हे कसब शर्यतीसाठी जन्मलेलं नाही. खोल समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या ‘रोप्पोंग’पाशी मासे जमतात, तिथवर टूनासाठी जायचं, हंगामात उडत्या माशांची अंडी गोळा करायची. आता ते काम इंजिनाच्या होड्या करतात. इंजिन वाऱ्याची वाट बघत नाही, मासळी ताजी असताना बाजार गाठता येतो. कोळ्याला कुठल्या तोंडाने नावं ठेवायची? त्यात कोरण्याजोगे मोठे बुंधेही सहज मिळेनासे झालेत. शर्यतीने सांदेक वाचवली, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. शर्यतीची होडी वेगासाठी हलकी करतात, शीड वाढवतात. वर्षातले थोडे दिवस पळाली की बाकी काळ ती किनाऱ्यावर. तिच्यावर पोरं तोल सांभाळायला शिकतात, पण रात्री भर समुद्रात शिडावर रोप्पोंग गाठायला शिकत नाहीत. शिकून करायचं काय? पगार तिकडे इंजिनावर आहे.